मला इचारलं हुतंस का?

आमच्या आजीला डोक्यावर पदर नसलेली मी कधी पाहिली नव्हती. पहाटे चुलीपुढे असो की भर उन्हात शेताच्या बांधावर, तिचा पदर म्हणून खाली येत नसे. ती आजी गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले आणि तिला साताऱ्याला इस्पितळात न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली त्या संध्याकाळी ती गुंगीत पडली होती. अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, नाकात नळी, केस विस्कटलेले. मला भडभडून आले. मी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि ‘माझ्या आजीसाठी प्रार्थना करा’ असे लिहून स्टेटसला ठेवून दिला.

रात्रीपर्यंत दीडशे जणांनी तो पाहिला. कुणी हात जोडले, कुणी रडकी तोंडे पाठवली. खोटे कशाला सांगू? मला बरे वाटले. आपल्या दुःखाला इतके वाटेकरी आहेत, असे वाटून मी शांत झोपले.

आजी घरी आली. भावकीतल्या एक काकी तिला भेटायला आल्या आणि बसता बसताच म्हणाल्या, “काय गं बाई तुझी दशा झाली हुती! फोटूत वळखूच येत नव्हतीस.”

“कसला फोटू?” आजीने विचारले.

स्टेटस चोवीस तासांनी पुसले जाते, म्हणून मी निर्धास्त होते. पण कुणीतरी तो फोटो उतरवून घेतला होता, भावकीच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिथून तो कुठे कुठे गेला हे आज मलाही सांगता येणार नाही. काकींनी मोबाइल पुढे केला. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. काकी गेल्यावर ती एवढेच म्हणाली, “मला इचारलं हुतंस का गं?”

ती रागावली असती तर बरे झाले असते.

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची जुनी पत्रे आहेत. आजोबा लालबागला राहत आणि गिरणीत कामाला जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनिऑर्डर यायची बंद झाली. त्या दिवसांतली पोस्टकार्डे पाहिली तर त्यांवर ‘सर्व क्षेम’ यापलीकडे काही नाही. खानावळीचे पैसे थकले, मनगटावरचे घड्याळ विकले, हे सारे आंतरदेशीय पत्रांत आहे. तीही भाताच्या शितांनी चिकटवलेली. मी एकदा कारण विचारले होते, तेव्हा आजी म्हणाली होती, “कार्ड पोष्टमन वाचतो, मास्तर वाचतो, पारावरचं शेंबडं पोरबी वाचतं. गावानं वाचलं तरी चालंल तेवढंच कार्डावर ल्याहायचं.”

चौथी शिकलेल्या बाईला जे ठाऊक होते ते बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या मला ठाऊक नव्हते. मी तिचे आंतरदेशीय फोडून पारावर चिकटवले होते.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. मी आजीशी जे केले तेच माझ्याशीही होत होते. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी आणल्या. आपल्या वापराविषयीची काही माहिती फेसबुक कंपनीकडे जाणार होती. निरोपांचा मजकूर कुलूपबंद राहील, पण कोण, केव्हा, किती वेळ हे सारे बाहेरून दिसतेच. तेव्हा शाळा मोबाइलवर भरत होती. आईच्या मोबाइलवर ती पाटी आली आणि गृहपाठाच्या घाईत मी ‘मान्य’वर बोट ठेवले. एक ओळ वाचली नाही. विचारले होते, नाही असे नाही. पण ‘नाही’ म्हणण्याची सोय न ठेवता विचारणे, याला विचारणे म्हणायचे का? स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात याच अटींवरून मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला आणि कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली.

त्याआधी २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचे प्रकरण उघडकीला आले होते. फेसबुकवर एक प्रश्नावली होती. ती सोडवणारे काही लाखच होते. परंतु त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली गेली आणि आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत गेला. म्हणजे प्रश्न सोडवले एकाने, घर उघडे पडले दुसऱ्याचे. हे वाचताना मला काकींच्या हातातला मोबाइल आठवला.

कुणी म्हणेल, यासाठी सरकार आहे ना! आहे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती मोकळ्या मनाने, समजून-उमजून दिलेली हवी आणि ती परत घेता आली पाहिजे, असे तो सांगतो. दंड २५० कोटींपर्यंत. मात्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. पत्रांचेही असेच होते. १८९८ च्या टपाल कायद्यात टपाल अडवण्याचा अधिकार सरकारकडे होता. १९८६ मध्ये तो वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. तो जुना कायदा आता गेला, पण २०२३ च्या नव्या कायद्यातही तो अधिकार आहेच. शिते कितीही घट्ट लावली तरी एक हात ती उकलू शकतो. त्या हातावर नजर ठेवणारे कुणी हवे, एवढे मला कळते.

पण मला खरी बोच लागली ती वेगळ्याच कलमाची. घरगुती कारणासाठी एखाद्याने वापरलेल्या माहितीला २०२३ चा हा कायदा लागू नाही. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल, माझ्यासारखीला नाही. तसेच असायला हवे. आजी-नातीच्या मध्ये कायदा येऊन कसे चालेल? पण मग तिथे विचारायचे कुणी? मीच.

मी अकरा नातेवाइकांना फोन करून तो फोटो पुसायला सांगितले. बहुतेकांनी पुसला. एक मामा हसून म्हणाले, “एवढं काय त्यात?” त्यांच्याकडे तो अजून असेल.

दिवाळीत आजी काठी घेऊन ओसरीवर आली. ऊन छान पडले होते. मी मोबाइल हातात घेतला आणि थांबले. “आजी, एक फोटो काढू?”

“थांब,” ती म्हणाली आणि पदर सारखा केला. मग म्हणाली, “काढ. पर कार्डावर नगं.”

तो फोटो मी छापून घेतला. तो त्या ट्रंकेत आहे, आजोबांच्या पत्रांजवळ.

— तृतीय वर्ष, कला