आबांसाठी एक भोपळा

"बाबा, आबा आता भूत झाले का?"

२०२४च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. लेक तेव्हा ७ वर्षांची होती. म्हैसूरला आमच्या सोसायटीत हॅलोविनची तयारी सुरू होती. कुणी चेटकीण होणार होतं, कुणी सांगाडा. आणि तिच्या मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की, ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेलेली माणसं घरी परत येतात.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून ती अंधाऱ्या खोलीत एकटी जात नव्हती. बाथरूमला जातानासुद्धा कुणीतरी दाराशी उभं राहावं लागायचं. "असं काही नसतं गं," म्हणून मी विषय बदलला. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. आकाशकंदील नाही, किल्ला नाही, तळण नाही. आईने हे सांगितल्यावर लेकीने जरा विचार केला आणि म्हणाली, "आजी, दिवाळी नाही, ठीक आहे. पण हॅलोविन तर आपला सणच नाही. मग ते चालेल ना?"

आई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

योगायोग असा, की त्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. दुसऱ्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. घरात सण नसताना सोसायटीतले दिवे बघत बसायचं आईच्या जिवावर आलं होतं. ऑफिसातल्या एका मित्राचं मूळ घर बेट्टदपुरला आहे. तो म्हणाला, "चला आमच्याकडे. घर मोठं आहे, आई एकटीच असते."

म्हैसूरहून हुणसूरमार्गे निघालो. या भागात तंबाखूची शेती खूप. तंबाखूची पानं भाजायची उंच, बिनखिडक्यांची कोठारं रस्त्याकडेला दिसत राहतात. लेकीला ती 'भुतांची घरं' वाटली. तिचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून बायकोने खेळ काढला: अर्धवट बांधलेल्या घरांवर टांगलेले राक्षस मोजायचे.

कर्नाटकात राहणाऱ्यांना हे मुखवटे माहीत असतील. मोठे डोळे, जाड मिशा, बाहेर आलेले दात. त्यांना 'दृष्टी गोंबे' म्हणतात, म्हणजे दृष्टीची बाहुली. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो, तसंच हे. बेट्टदपुर येईपर्यंत लेकीचे १४ राक्षस झाले.

"बाबा, इथे तर रोजच हॅलोविन असतं!"

"हो, पण हे राक्षस आपल्या बाजूचे आहेत," बायको म्हणाली. "घराला दृष्ट लागू नये म्हणून पहारा देतात." लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे चामुंडी टेकडीवरच्या महिषासुरासारखे?" टेकडीवरचा तो रंगीत महिषासुर, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात नाग, तिचा लाडका. ज्या शहराचं नावच महिषासुरावरून पडलं, तिथल्या मुलांना राक्षसांचं काय वावडं!

'बेट्ट' म्हणजे डोंगर. बेट्टदपुर म्हणजे डोंगराचं गाव. गावात शिरताना तो डोंगर समोर उभाच राहतो. माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ. सिडिलु म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज. लोक जिला घाबरतात, तिचंच नाव इथे देवाला.

मित्राच्या आईला आम्ही अज्जी म्हणू लागलो. अंगणाच्या एका बाजूला त्यांचं घर, पलीकडे आमच्यासाठी दोन खोल्या. दारावर राखी कोहळा टांगलेला. तीन आठवड्यांपूर्वी आयुधपूजेला असाच कोहळा, आत कुंकू भरून, गाडीसमोर फोडल्याचं त्यांनी सांगितलं. आईला कन्नड बेताचंच येतं आणि अज्जींना मराठी अजिबात नाही. तरी दोघींचं कसं कोण जाणे, छान जमलं. अज्जींचे यजमानही काही वर्षांपूर्वी गेलेले.

लेकीने भोपळा मागितला. अज्जींनी परड्यातला चांगला गरगरीत लाल भोपळा काढून दिला. "यात दिवा ठेवायचा?" त्यांना मोठी गंमत वाटली. मी सांगितलं की, आयर्लंडमध्ये पूर्वी सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा लावत. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठाले भोपळे मिळाले, कोरायलाही सोपे. १ नोव्हेंबर हा ख्रिश्चन लोकांचा सर्व संतांचा दिवस, आणि हॅलोविन म्हणजे त्याची आदली संध्याकाळ.

भोपळा कापायला आईच बसली. आपला लाल भोपळा पाठीला फार टणक असतो, तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावं. झाकण तिरकं कापायचं, म्हणजे ते आत पडत नाही. गर आणि बिया चमच्याने काढायचं काम मुलांचं, तोंड काढायचं कामही मुलांचं. गराची रात्री भाजी झाली, बिया वाळत घातल्या. लेकीने स्केचपेनने गोल डोळे काढले, हसरं तोंड काढलं आणि म्हणाली, "आजी, दात नको. आबा घाबरतील."

आईचे हात थांबले. मग तिने सुरी खाली ठेवली.

"तुला वाटतं आबा येतील?"

"मैत्रीण म्हणाली."

"आले तर आबाच येतील ना? भूत कशाला येईल? अगं, आपण तर पितृपक्षात गेलेल्या माणसांना पंधरा दिवस जेवायला बोलावतो. आपल्या माणसांना कोण घाबरतं? आबा फिरून आले की दारातून काय म्हणायचे?"

"आहे का कुणी घरात?" लेकीने हुबेहूब आबांचा आवाज काढला.

"मग? त्याची भीती वाटायची का तुला?"

लेकीने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "हॅलोविनला भुताचा वेष करतात ना? मग मी आबा होते."

मी आईकडे बघायचं टाळलं. आई उठली. पहाटेच्या थंडीसाठी तिने आबांची लोकरी कानटोपी आणि मफलर आणला होता. तिने तो लेकीला नीट गुंडाळून दिला. अज्जींनी कोपऱ्यातली काठी दिली. सिंथेटिक, घोळदार कपड्यांपेक्षा हा वेष बरा, कारण अज्जींच्या अंगणात पणत्या होत्या. भोपळ्यातही आम्ही पणतीऐवजी बॅटरीचा छोटा दिवा ठेवला.

त्या दुपारीच अमावास्या लागली होती. रात्री अंगण काळंकुट्ट. भोपळा अज्जींच्या पायरीवर ठेवला होता आणि अज्जी आत थांबल्या होत्या. आम्ही पलीकडच्या दारात. मधे जेमतेम तीस पावलं.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"आबा एकटेच फिरायला जातात," ती म्हणाली आणि निघाली. मधे एकदा थांबली. मागे वळून बघितलं. आई जागची हलली नाही, फक्त म्हणाली, "जा, भोपळा दिसतोय ना?" मग काठीचा आवाज पुन्हा सुरू झाला. पायरीशी पोचून तिने मोठ्याने हाक मारली, "आहे का कुणी घरात?"

अज्जींना एक अक्षर कळलं नसेल. पण त्यांनी दार उघडलं आणि तिच्या हातावर कज्जाय ठेवले. तांदूळ आणि गुळाचा हा इकडचा दिवाळीचा पदार्थ. लेकीने आणून दिल्यावर आईने एक तुकडा तोंडात टाकला. "अरे, हा तर अनारसा!" सण नसलेल्या घरी शेजारपाजारचे फराळ आणून देतात, ही आपली रीत. ती अज्जींना कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात लाल-पिवळे झेंडे लागले होते. डोंगराला हजारो पायऱ्या आहेत. आम्ही दमेपर्यंत चढलो आणि हसत परत फिरलो. लहान मुलं असतील तर पहाटेच निघा, पाणी जवळ ठेवा, माथा गाठायचा हट्ट धरू नका. परतताना बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतलं सुवर्णमंदिर पाहिलं. तिथल्या भिंतींवरच्या रागीट रक्षक देवतांकडे बोट दाखवून लेक म्हणाली, "पंधरावा. हापण आपल्या बाजूचा."

म्हैसूरला परतल्यावर त्या रात्री मी सवयीने बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, तुम्ही जा ना," आतून आवाज आला.

पुढच्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होऊन गेली. घरात आकाशकंदील लागला, अनारसे झाले. तरी ३१ तारखेला आईनेच बाजारातून भोपळा आणला. अट एकच होती, दात काढायचे नाहीत.