बावखलाच्या काठी

गेल्या मे महिन्यात आमचा मुलगा धर्मग्रामाच्या शिबिरातून परतला, तो शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून. ते दृश्य पाहून आम्हा उभयतांना आनंद व्हावयास हवा होता. झाली ती पंचाईत. कारण त्या घराशी दोन वर्षे आमचा अबोला होता.

कारण सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो. आमच्या वाडीत एक बावखल आहे. वसईतील अनेक बावखलांप्रमाणे तेही सामाईक मालकीचे. वाडवडिलांनी खणलेल्या त्या पाण्यावर केळी नि पानवेली पोसल्या. शेजाऱ्यांना ते बुजवून घर वाढवायचे होते. आम्ही सही देण्यास नकार दिला. आमचे मत आजही तेच आहे. पावसाचे पाणी मुरण्याच्या जागा बुजल्या, तर समुद्राकाठच्या विहिरी मचूळ होण्यास वेळ लागत नाही. परंतु त्या वादाच्या भरात आम्ही मुलाला म्हणालो, “त्यांच्या घरी पाऊल टाकायचे नाही.” या वाक्याचा बावखलाशी काहीएक संबंध नव्हता. तो तेव्हा दहा वर्षांचा. त्या दोघांनी प्रथम कम्युनियन एकाच दिवशी घेतलेले. पोहायलाही दोघे शिकले ते याच बावखलात. त्याने ‘का?’ म्हणून विचारले नाही. मुले विचारीत नाहीत तेव्हा ती विसरली, अशी आपण आपली समजूत घालून घेतो.

शिबिर वाडा तालुक्यातील एका शाळेत होते. शेजाऱ्यांचाही मुलगा जाणार हे ठाऊक असते, तर आम्ही आमच्या मुलाला पाठविले असते की नाही, शंकाच आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि दोघे एकाच गटात आले. सकाळी मिस्सा, मग बायबल प्रश्नमंजूषा, नाटुकली, खेळ. पहिले दोन दिवस दोघांनी एकमेकांकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासण्याची पाळी त्यांच्या गटाची. खिचडीचे भले मोठे पातेले, तळाला करपलेला थर. एकाने धरल्यावाचून दुसऱ्याला घासता येईना. दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द होता, “नीट धर!”

घरी भांडण झाले की मूल अंगणातून आत येते आणि आपण दार लावून घेतो. शिबिरात ती सोय नसते, हा त्याचा मोठाच गुण म्हणावयाचा. १५२९ साली पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात इग्नेशियस लोयोला हे पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर यांच्या खोलीत राहावयास आले. वयाने मोठा, लंगडत चालणारा हा सोबती झेवियरांना आरंभी मुळीच रुचला नव्हता. पुढे १५४६ साली हेच झेवियर दूर मोलुक्का बेटांतून लिहितात, की मित्रांच्या पत्रांतील त्यांच्या हातची नावे कापून घेऊन आपण ती सदैव जवळ बाळगतो. एका खोलीतून सुटका नव्हती, म्हणूनच हे घडले असावे, असे आम्हांस वाटते.

चौथ्या रात्री शेकोटीभोवती सिस्टरांनी पेत्राची गोष्ट सांगितली. एका शेकोटीपाशी त्याने प्रभूला तीनदा नाकारले. पुढे सरोवराकाठी दुसरा विस्तव पेटला, तेथे प्रभूने त्याला आधी भाकर व मासे दिले आणि मग तीनदा प्रेमाविषयी विचारले. नाकारलेस का, हे विचारलेच नाही. ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. मुलाने ती पुन्हा सांगितली, तेव्हा मात्र आम्ही एकमेकांकडे पाहावयाचे टाळले.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “पप्पा, तुमचे भांडण आहे ते ठाऊक आहे. मी जाऊ का?” आम्ही होकार दिला. उंबऱ्यापाशी थांबून त्याने विचारले, “आणि तुम्ही?”

बावखलाचा प्रश्न सुटलेला नाही, नि सहीही आम्ही देणार नाही. पण परवा शेजारणीने मुलाच्या हाती फणसाचे गरे धाडले. ताट रिकामे परत करावयाचे नाही, एवढे ठरले आहे; ते घेऊन कोणी जायचे, यावर आम्हा उभयतांचे अद्याप एकमत झालेले नाही.