महाड स्थानकाचा कंदील

सावित्रीच्या भरतीबरोबर दासगावास लागणारी गलबते आणि पार घाटाने पोलादपुराकडे उतरणारे बैलांचे तांडे, हाच ज्या मुलखाच्या दळणवळणाचा जुना वृत्तांत, त्या मुलखाच्या नावाने ‘महाड रेल्वे स्थानकातील इंग्रजकालीन कंदील’ संगणकाच्या पडद्यावर विक्रीस मांडलेला दिसला, की माझे मन व्यथित होते. कारण फसवणूक केवळ घेणाऱ्याच्या पैशांची नसते, प्रदेशाच्या इतिहासात एक बनावट नोंद घुसवली जाते.

महाड नावाचे स्थानकच नाही. तालुक्यात आगगाडी आली ती १९९३ साली, रोह्याहून वीरपर्यंत. आणि कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. पोलादपुरात तर आजही रूळ नाहीत. उलट अशा कंदिलांवर जिची अक्षरे असतात, त्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा कारभार १९२५ सालीच कंपनीकडून सरकारकडे गेला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा त्या कंपनीची अक्षरे मिरविणारा कंदील इथल्या फलाटावर लटकला असणे कालदृष्ट्या अशक्य आहे.

विक्रीस येणाऱ्या पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांचीही अशीच उलटतपासणी घ्यावी. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, म्हणून तिसऱ्या वर्गाचे ‘वीर’चे तिकीट निःसंशय खोटे, आणि ‘मध्य रेल्वे’ व आण्यांतले भाडे ज्यावर एकत्र छापले आहे, त्याचा जन्म १९५१ ची अखेर आणि १ एप्रिल १९५७ रोजी आलेले दशमान चलन यांच्या दरम्यानचाच असला पाहिजे.

धातूची साक्ष अधिक सूक्ष्म असते. ठोकून उमटविलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते, ओतीव अक्षराची बोथट. आम्लाने आणलेला हिरवा कळंक सर्वांगावर सारखा पसरतो, वयाने आलेला सांदीकोपऱ्यांत साचतो. आणि ज्या कंदिलाने खरोखर नोकरी केली, त्याची मूठ झिजलेली व धुराडे आतून काजळलेले असते. म्हणून विक्रेत्याकडे तळाचे आणि आतल्या भागाचे छायाचित्र आग्रहाने मागावे; ते देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याशी व्यवहार करू नये.

या मुलखातील रेल्वेचा अस्सल अवशेष हवाच असेल, तर तो वीर, करंजाडी, विन्हेरे या गावांच्या महसुली दप्तरांत शोधावा. भूसंपादनाचा फेरफार, त्यावरचे क्षेत्र, वारसांची नावे आणि तलाठ्याची सही: कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातखाचरे ज्या कागदाने रुळांखाली दिली, त्याची नक्कल रीतसर अर्ज केल्यास मिळते.