कौल उजवा आला, पुढे?

रत्नागिरी
शिमग्यानंतरचा शनिवार

चि. बायो हीस,


काल तू फोन ठेवलास आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. डाळीचं काय झालं ते विचारू नकोस. सरपंचपदाला उभी राहतेस, आनंद आहे. पण तुझं ते शेवटचं, "कौल उजवा आलाय आत्या, आता देवच बघेल," हे काही माझ्या घशाखाली उतरेना. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, उजवी कळी पडली, मान्य. तुझ्या आजोबांनीही कौल लावूनच विहीर खणायला काढली होती. कुदळ कोणी मारली? (पाणी लागलं तेही मचूळ. असो.)

इथे टिळक आळीत टिळकांचं जन्मघर बघायला शाळेच्या सहली येतात. पोरं फोटो काढतात, शेंगांची टरफलं ऐकतात, निघतात. मला तिथून जाताना टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यातली २२ जुलै १९०८ ची रात्र आठवते. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न पुरी व्हायची होती. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं, न्यायमूर्ती दावर शिक्षा सांगायच्या बेतात. तेव्हा ते म्हणाले, की माणसांचं नि राष्ट्रांचं भवितव्य चालवणारी सत्ता वेगळीच आहे. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या हालांनीच कार्य वाढावं, अशी तिची इच्छा असेल. मुंबई उच्च न्यायालयात ते शब्द कोरून ठेवलेत. भाषणं ठोकणारे सगळे तेवढंच सांगतात. त्याच्या आधी हा माणूस एकवीस तासांहून जास्त वेळ स्वतःचा बचाव स्वतःच करत उभा होता, 'केसरी'तल्या लेखांच्या भाषांतरातल्या चुका एकेक काढून दाखवत होता, ते कोण सांगतं? देवाचं नाव आलं ते सगळं करून झाल्यावर. मग मंडालेची सहा वर्षं. तिथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, आणि १९१२ मध्ये इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. त्या माउलीला कोणी कौल विचारला होता का गं?

हे मी तुझ्या लग्नातही बोलले होते, भटजी थांबले होते. हसू नकोस.

तर सांग, वैशाखात वरच्या वाडीला टँकर कुठून आणणार? ग्रामसेवकाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करायची नाही, चेकवर तर नाहीच. आणि ग्रामसभेत तुझ्या खुर्चीशेजारी जावईबापूंची खुर्ची नको. माणूस सोन्यासारखा आहे, पण बोलायला लागला की थांबत नाही, अगदी माझ्यासारखा.

बीपीची गोळी रात्रीची चुकवतेस, तुझ्या लेकीने सांगितलं मला. तिच्यावर ओरडू नकोस. पावसात मीटिंग लांबली तर पाखाडीने एकटी उतरू नकोस, खालच्या पायऱ्यांना शेवाळ धरतं. पायरीचा दगड निसटलाय तो निवडणुकीआधीच बसवून घे, नंतर कोणी ऐकणार नाही. बॅटरीत नवे सेल घातलेस का?

तुझी
आत्या