उठाबशा

उठाबशा माझ्या आयुष्यात आल्या त्या शिक्षा म्हणून. पाढा चुकला की बाई नुसती बोटाने खूण करायच्या, की आपण मुकाट्याने फळ्यापाशी जाऊन दोन्ही कान धरायचे. मांड्या भरून यायच्या, दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना ‘आई गं’ निघायचं. पण दुखण्यापेक्षा लाजच जास्त. त्याच वयात माझा भाऊ पहाटे उठून तालमीत जायचा आणि लाल मातीत हेच शेकड्यांनी करायचा. त्याच्या बैठकांना वस्तादांची शाबासकी मिळे आणि घरी आल्यावर दुधाचा मोठा पेला. अंगणात उभा राहून तो उगाचच शड्डू ठोकायचा. आमच्या सातारा-कोल्हापूर भागात मुलाची मांडी ही चारचौघांत कौतुक करायची गोष्ट. मुलीने मात्र परकर खाली ओढून बसायचं.

आमचा आखाडा भरायचा श्रावणात, मंगळागौरीच्या रात्री. कासोटा घट्ट मारून आत्या-मावश्या उकिडव्या बसत, एकमेकींचे हात धरत आणि बसल्या बसल्या उड्या मारत बसफुगडी घालत. मग कोंबडा, मग झिम्मा, मग पिंगा. पहाटेपर्यंत. कुठल्याही वस्तादाने बघून मान डोलवावी असा तो मेहनतीचा प्रकार होता, पण त्याला ‘खेळ’ म्हणायचं, आणि सकाळी त्याच बायकांनी चुलीपुढे बसायचं.

लग्नानंतरची बरीच वर्षं माझी उठबस वेगळी मोजावीच लागली नाही. विळी जमिनीवर, पाट जमिनीवर, कपडे धुवायचे ते उकिडवं बसून. नंतर घरात उभा ओटा आला, मग जेवणाचं टेबल, मग मशीन, शेवटी कमोड. एकेक सोय आली तसतशी आनंदानेच स्वीकारली. त्यामुळे ‘पूर्वीच्या बायका जमिनीवर बसायच्या म्हणून त्यांचे गुडघे धड होते’ असं कुणी ऐकवलं की मला सासूबाई आठवतात. जन्मभर उकिडव्या बसून राबल्या आणि साठीनंतर भिंतीला धरून चालल्या. बीजिंगमधल्या वृद्धांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्यांच्या झिजेचा विकार जास्त आढळला, असं तिच्यात दिसलं. तेव्हा जुन्या मोरीची आणि चुलीची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. सासूबाईंच्या पायांना काम होतं. मेहनतीनंतरची विश्रांती आणि खुराक नव्हता. तो भावाला होता.

माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला तो जिना उतरताना. चढताना नाही, उतरताना. एक्स-रेमध्ये हाडांमधली फट कमी झालेली दिसली आणि सोसायटीतल्या प्रत्येकीने ‘वंगण संपलं’ असा निकाल दिला. तेलं आली, पट्टे आले, ‘आता जिना बंद’ हा सल्ला आला. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र गुडघा दाबून पाहिला, मग वर सरकून मांडी चाचपली आणि म्हणाले, “इथे काही उरलेलं नाही.” मला रागच आला. दुखतंय कुठे आणि हे बघतायत कुठे!

फिजिओथेरपिस्ट मुलीने ते उलगडून सांगितलं. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा एक जुडगा असतो. तो खाली वाटीला धरतो आणि तिच्यामार्फत नडगीच्या हाडाला. पायरी उतरताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडायचं काम त्याचं, गाडीच्या ब्रेकसारखं. तो ढिला पडला की प्रत्येक पायरीचा दणका थेट सांध्यावर. आणि त्यात एक दुष्ट गोम आहे: गुडघ्याला सूज आली की मज्जासंस्था आपणहून या स्नायूचा जोर आवरता घेते. म्हणजे दुखलं की मांडी दुबळी, मांडी दुबळी की जास्त दुखणं, आणि वरून आपण ‘गुडघा जपायचा’ म्हणून खुर्चीत बसून राहतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवावर ती पोसली जाते, आणि तो द्रव तिच्यात आतबाहेर खेळतो तो सांध्यावर भार पडल्याने आणि उतरल्याने. गुडघा जपण्याच्या नावाखाली आपण त्याला उपाशी ठेवतो, हे मला कुणीतरी वीस वर्षं आधी सांगायला हवं होतं.

व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबून पाच-दहा सेकंद धरायची. उताणं झोपून एक पाय दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून उचलायचा. आणि तिसरा व्यायाम म्हणजे हात छातीशी दुमडून खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. कान तेवढे धरायचे नव्हते.

पुढे तिने घोट्याला वजनाचा पट्टा बांधला तेव्हा मी दचकले. दुखऱ्या पायाला आणखी ओझं? पण ही वाट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला आणि नंतर वजनं उचलून उभा राहिलेला. जखमी सैनिकांच्या पायात त्याने लोखंडी बूट घातले, त्यांना वजनं लावली आणि ती हळूहळू वाढवत नेली. १९४५ मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. आणि वयाचं म्हणाल, तर १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून ८ आठवडे असाच पायांचा व्यायाम करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी तर त्यांच्या मानाने नवी नवरी.

झिजलेली कूर्चा यातून परत उगवत नाही, माझा एक्स-रे आहे तसाच आहे. पण जिना उतरताना आता कठडा नुसता सोबतीला असतो. व्यायामानंतर थोडं ठसठसलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही ते उरलं, तर वजन कमी करायचं, व्यायाम नाही, हा तिचा नियम. कंटाळा हा खरा शत्रू. भावाला पहाटे हाक मारायला अख्खी तालीम होती. मला भिंतीवरचं घड्याळ.

यंदा सोसायटीतल्या बायकांनी मंगळागौरीचा ग्रुप काढला. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, नऊवाऱ्याही शिवून आल्या. मी फिजिओवाल्या मुलीला विचारलं, नाव देऊ का? तिने बसफुगडी म्हणजे काय ते आधी मोबाइलवर बघितलं, आणि तिचे डोळे विस्फारले. “काकू, ही अजिबात नाही. उभी फुगडी घाला, झिम्मा घाला. आणि कोंबडा करणाऱ्या कोण आहेत, त्यांना माझा नंबर देऊन ठेवा.”