ऑलिव्हची बाटली आणि करडईचा घाणा

दूध, तूप, अंडी आणि मासे सोडून वीगन आहाराकडे वळणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा तेलाचाच मिळतो: तूप बंद केलंत ना, मग ऑलिव्ह तेल आणा. धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्याने हा सल्ला कितपत मनावर घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तेलबियांचं रसायन हा माझ्या अभ्यासाचा प्रांत, त्यामुळे बाटलीवरच्या चित्रापेक्षा बाटलीतल्या स्निग्धाम्लांकडे माझं लक्ष आधी जातं. आणि तिथून पाहिलं तर माझं मत असं आहे, की ज्या कारणांसाठी ऑलिव्ह तेल सुचवलं जातं त्यांतली बहुतेक कारणं बालाघाटाच्या पठारावर पिकणाऱ्या बियांनी भागतात. मात्र ती एकट्या करडईने भागत नाहीत, आणि इथेच आपल्याकडचे करडईचे अभिमानी चुकतात. वीगन हा शब्द शहरातून आला असेल, पण ज्वारीची भाकरी, पाण्यातलं पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार हे परंडा-भूमकडचं साधं जेवण तसंही दुधा-तुपावाचून होतं. त्या ताटात उणं काय आहे, हे नीट पाहायला हवं.

ऑलिव्ह तेलात साधारण ५५ ते ८३ टक्के ओलिक आम्ल असतं. हे स्थिर आम्ल. तापवल्यावर किंवा ठेवल्यावर ते लवकर खवट होत नाही. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात मात्र ७० ते ७८ टक्के लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ वर्गातलं, आणि ओलिक जेमतेम १० ते १५ टक्के. दोन्ही तेलांत संपृक्त स्निग्धांश कमी, दोन्ही तुपाच्या जागी आली तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. ई जीवनसत्त्वात तर करडई ऑलिव्हच्या दुपटीहून पुढे आहे. शिवाय दूध-तूप नसलेल्या आहारात अ जीवनसत्त्व पालेभाज्या-गाजरांतल्या कॅरोटीनमधून मिळवावं लागतं, आणि ते अंगी लागायला जेवणात थोडं तेल हवंच असतं. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी करडईच्याच तेलात परतली, की हे काम होऊन जातं. त्यासाठी स्पेनहून काही मागवावं लागत नाही.

करडईवरचा सर्वांत जड आक्षेप ऑस्ट्रेलियातून आलेला आहे, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला संपृक्त स्निग्धांशाऐवजी करडईचं तेल आणि त्याचं मार्गारीन देण्यात आलं. जुनी आकडेवारी पुन्हा तपासून २०१३ मध्ये जे छापून आलं त्यानुसार या गटात १७.६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. कोलेस्टेरॉल उतरलं आणि मृत्यू वाढले, हे कोणालाही अस्वस्थ करील. पण प्रयोगात मात्रा किती होती तेही पाहा. एकूण उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के लिनोलिकसारख्या बहुअसंपृक्त आम्लांतून घ्यायचे होते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ते एकट्या करडईतून भागवायचे तर रोज जवळपास ४५ ग्रॅम तेल लागेल. त्यात ओमेगा-३ जवळजवळ शून्य, आणि मार्गारीनमध्ये घातक ट्रान्स स्निग्धांश किती होते याचा वाद आजही मिटलेला नाही. उलट बाजूला, लिनोलिक आम्ल जास्त खाणाऱ्यांत हृदयरोग कमी आढळतो असं मोठ्या लोकसमूहांवरच्या पाहणी-अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण सांगतं. मी यातून काढतो तो निष्कर्ष मर्यादित आहे: करडई विष नाही, पण ओमेगा-३ ची जोड न देता घरातलं सगळं तेल करडईचंच ठेवू नये.

वीगन माणसाच्या बाबतीत या इशाऱ्याला जास्त वजन आहे. मासे न खाणाऱ्याला ओमेगा-३ मिळतं ते मुख्यतः अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रूपात, आणि शरीर त्यातून थोडासाच भाग मेंदूला-डोळ्यांना लागणाऱ्या लांब साखळीच्या आम्लांत बदलतं. हे काम करणारं विकरच ओमेगा-६ लाही लागतं. ताटात लिनोलिकची गर्दी झाली की लिनोलेनिक मागे पडतं. ऑलिव्हचा खरा फायदा इथे आहे: ते गर्दी करत नाही. पण ते ओमेगा-३ देतही नाही. त्यात लिनोलेनिक एक टक्क्याच्या आतच असतं. ओमेगा-३ देतं ते जवस. जवसाच्या बीत सुमारे ४० टक्के तेल आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक. म्हणजे दोन चमचे, दहा ग्रॅमभर जवसाच्या चटणीतून साधारण दोन ग्रॅम मिळतं, प्रौढाची रोजची दीड-दोन ग्रॅमची गरज भागते. जवस कुटलेलाच हवा, अख्खा दाणा पचत नाही. लातूरच्या गळितधान्य संशोधन केंद्राने जवसाचं वाण दिलेलं आहे, पण पेरतो कोण! बाकी, गर्भवती वीगन स्त्रीने शेवाळापासून काढलेल्या डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-३ बद्दल डॉक्टरांशी बोलावं, आणि बी-१२ या कुठल्याच तेलात नसतं, त्याची गोळी वेगळी.

आता ऑलिव्हच्या बाजूने जे खरं आहे ते. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉलसारखी फिनॉल संयुगं असतात, ती करडईत नाहीत. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत ७,४४७ माणसं होती. २०१३ चा तिचा निबंध गटवाटणीतल्या दोषांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला गेला, तरी ऑलिव्ह गटात हृदयाघात-पक्षाघात सुमारे ३० टक्के कमी हा निष्कर्ष टिकला. मात्र ते लोक वीगन नव्हते, मासे खाणारे होते, आणि त्यांची तुलना कमी स्निग्धांशाचा सल्ला दिलेल्यांशी झाली. भाकरी-जवस-शेंगदाण्याशी कोणी केलेली नाही. दुसरं असं, की आपल्याकडे स्वयंपाकासाठी म्हणून विकलं जाणारं बरंचसं ऑलिव्ह तेल ‘पोमेस’ किंवा ‘लाइट’ असतं. चोथ्यातून काढलेल्या किंवा शुद्धीकरण झालेल्या त्या तेलात फिनॉल नावापुरतेच उरतात. जास्त पैसे मोजून जे आणायचं तेच बाटलीत नसतं. एक्स्ट्रा व्हर्जिन परवडत असेल तर कच्चं खावं, त्यात वाईट काही नाही.

कच्चं खाण्याचा हा नियम करडईलाही तितकाच लागू आहे. लिनोलिकने भरलेलं तेल कढईत पुन्हा पुन्हा तापवलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं; म्हणून भजी-पुऱ्यांसाठी करडई नको. चटणीत बोटाने खळगा करून त्यात घाण्याचं कच्चं तेल ओतण्याची मराठवाड्याची पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. फोडणीला शेंगदाणा तेल वापरावं, त्यात ओलिक निम्म्याच्या आसपास असतं. आणि गिरनार-४, गिरनार-५ या नव्या वाणांत तर ते ८० टक्क्यांच्या घरात जातं. सोयाबीनचं तेल हलकं समजून नाक मुरडणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की त्यात सहा-आठ टक्के लिनोलेनिक आहे, जे ऑलिव्ह-करडई दोन्हींत जवळजवळ नाही.

‘पण करडई राहिलीय कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. १९८० च्या दशकात देशात नऊ-दहा लाख हेक्टरांवर असलेलं हे पीक आज एक लाखाच्या आत आलं. दोष सोयाबीनला दिला जातो, पण ते खरिपाचं पीक. रब्बीत करडईची जागा प्रामुख्याने हरभऱ्याने घेतली. त्यात काटे, मावा आणि पहाटेच्या दवात काटे मऊ असतानाच काढणी करायला न मिळणारे मजूर. तरी एक वाट आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात पॉल्डेन नोल्स यांनी ज्या करडईच्या अभ्यासातून जास्त ओलिकचा गुण मांडला, ते बियाणं मूळचं भारतातलं होतं. परदेशांत त्यावर बाजार उभा राहिला. आपल्याकडे हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने आयएसएफ-१ हे तसं वाण बऱ्याच उशिरा दिलं. त्यात ओलिक ७५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ऑलिव्हइतकंच. अडचण अशी, की हा गुण अप्रभावी जनुकाचा आहे. शेजारच्या साध्या करडईचे पराग मधमाशीने आणले, की त्या दाण्यातलं तेल पुन्हा लिनोलिककडे झुकतं, आणि पांढरा दाणा हातात घेऊन घाणेवाल्याला त्यातला फरक दिसत नाही. त्यामुळे हे वाण एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याने पेरून भागणार नाही. शिवारातल्या सगळ्या करडईवाल्यांनी तेच बी पेरलं आणि घाण्यावर त्याची पोती वेगळी ठेवली, तरच त्याचा उपयोग.