कान्होजींचं वतन आणि तुझी सही

चि. समीर यास,


वहिनीचा फोन आला, तेव्हा सगळं कळलं. वारसांच्या प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला तू नाही म्हणालास, जमिनीचा सौदा फिस्कटला, एजंटानं दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून दादा तुझ्याशी बोलत नाही. विकणाऱ्या भावांची बहीण जिवंत असताना 'आम्हा भावांशिवाय कोणी वारस नाही' असं त्या कागदात लिहिलं होतं. "देवाला स्मरून खोटं कसं लिहू?" एवढंच तू आईला म्हणालास म्हणे.

वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण जमिनीचे भाव नाव बदलायच्या आधीच चढले होते. ज्या वरकस उतारावर नाचणी-वरईपलीकडे काही पिकत नव्हतं, तिथे आज गुंठ्याचा हिशेब चालतो. पैसा दिसला की बहिणी आठवेनाशा होतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना समान हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. घरात तो अजून यायचाय. मी स्वतः दादाला हक्कसोड लिहून दिलंय, राजीखुशीनं. पण मला विचारलं होतं, समजावून सांगितलं होतं, मग मी सही केली. त्या बाईला तर कुणी विचारलंच नाही.

दादाचं म्हणणं, पोरगं आयुष्यात मागे पडलं. मग तुला आपल्याच मुलखातली गोष्ट सांगते. तू कान्होजी जेध्यांचा पोवाडा ऐकला असशील, पण पोवाड्यात शेवट आधीच ठाऊक असतो. १६५९ च्या जूनमध्ये कारीच्या वाड्यावर आदिलशाही फर्मान आलं, तेव्हा तो कुणालाच ठाऊक नव्हता. अफजलखान मोठी फौज घेऊन येतोय, त्याला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. शेजारी उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. त्यांना मूर्ख म्हणू नकोस. त्या दिवशी मावळातल्या कुठल्याही जाणत्या माणसानं तोच सल्ला दिला असता. कान्होजी मात्र पाचही मुलांना घेऊन राजगडावर गेले आणि फर्मान शिवाजी महाराजांपुढे ठेवलं. महाराज म्हणाले, तुम्हीही जा, वतन धोक्यात येईल. कान्होजींनी हातात पाणी घेतलं आणि वतनावर सोडलं. शहाजीराजांना त्यांनी शपथपूर्वक शब्द दिला होता, आणि देवासमोर घेतलेली शपथ वाऱ्याची दिशा बघून बदलायची नसते.

खान मारला गेला १० नोव्हेंबरला. जून ते नोव्हेंबर हे मधले महिने बघ. बायकामुलं दुसरीकडे हलवलेली, वतन सोडलेलं, निकाल अजून लागायचा. प्रतापगडावर उलटं घडलं असतं तर कारीचा वाडा जळला असता आणि लोकांनी कान्होजींना अव्यवहारी म्हटलं असतं. त्यानं त्यांच्या पाणी सोडण्याला कमीपणा आला असता का? मला नाही वाटत. देवाकडे जी मोजणी होते ती जूनमध्येच झाली होती. नोव्हेंबरचा निकाल आपल्यासाठी, इतिहास लिहिणाऱ्यांसाठी.

आज्ञा पाळली की देव चांगलंच करतो, असं कीर्तनात सांगतात. ते मला पटत नाही. आंबवड्याला नागेश्वराच्या देवळाकडे पायऱ्या उतरून गेलास की शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. राजगडासारखे किल्ले मोगलांकडून परत घेणारा हा माणूस. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले, आणि यांनी तर ताराबाईंशी इमान राखण्याची शपथ घेतलेली. गादीचा वारस एकीकडे, शपथ दुसरीकडे. त्यांनी तिथे जलसमाधी घेतली, असं भोरमध्ये सांगतात. त्यांना कुठलं बक्षीस मिळालं? समाधीपुढे उभं राहिलं की मला उत्तर सुचत नाही, आणि ते सुचल्याचा आव मी आणत नाही.

तू मात्र एवढ्या पेचात नव्हतास, हे तुझं भाग्य. तुझ्यापुढे एक कागद होता आणि त्यात एक बाई नव्हती.

एक भीती आहे तेवढी सांगते. देवाचं नाव घेऊन आपलाच हेका चालवणारे मी घरोघर पाहिलेत. ओळखायची खूण सोपी आहे: किंमत कोण मोजतंय? कान्होजींनी स्वतःचं वतन सोडलं, दुसऱ्याचं नाही. तुझी नोकरी गेली, म्हणून मला तुझा हेका वाटला नाही.

आणि आता माझं काम. खान पडल्यावर खंडोजी खोपड्यांच्या जिवासाठी रदबदली करायला महाराजांकडे कोण गेलं ठाऊक आहे? कान्होजीच. शिक्षा झाली, एक हात आणि एक पाय तोडला गेला, पण जीव वाचला. स्वतः शब्दाला जागलेला माणूस शब्द मोडणाऱ्यासाठी बोलायला गेला. दादा तर तुझा बाप आहे. त्याला तुझ्या पोटाची काळजी आहे, पापाची हौस नाही. तो आधी बोलेल याची वाट बघत बसू नकोस. येत्या रविवारी घरी जा, त्याच्या शेजारी जेवायला बस आणि तूच आधी बोल. नोकरीसाठी नसरापूरला एक-दोन ठिकाणी मी शब्द टाकलाय, त्याचं मी बघते.

तुझी,
भोरची आत्या